अळिवाचा फुगवटा

माझ्या पत्नीच्या दुसऱ्या बाळंतपणात मी अळिवाच्या लाडवांसाठी चौदा किलो सातशे ग्रॅम मिश्रण तयार केलं. गरज होती दीड किलोची.

हा आकडा अंदाजे नाही. बाळाचं रोजचं वजन वहीत टिपण्यासाठी मी एक काटा आणला होता, त्यावर मोजलेला आहे. काटा दहा किलोपर्यंतचाच असल्यामुळे मिश्रण दोन हप्त्यांत मोजावं लागलं. (टबाचं वजन वजा केलं आहे.)

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची. अबुधाबीत एका बांधकाम कंपनीत मी एस्टिमेटर होतो. म्हणजे इमारत उभी राहायच्या आधी तिला वाळू किती, सिमेंट किती, लोखंड किती लागेल ते कागदावर सांगणारा माणूस. माझे आकडे चुकत नाहीत अशी कंपनीत ख्याती होती. घरात नव्हती. कारण वैशालीच्या बाळंतपणासाठी नाशिकहून सासूबाई येणार होत्या, त्यांच्या व्हिजाचा फॉर्म मी भरला होता, आणि पासपोर्ट नंबरातल्या ३ च्या जागी ८ लिहिला होता. फॉर्म परत आला. नव्या व्हिजाला दोन-अडीच महिने. बाळ मात्र कुठल्याही शिक्क्याची वाट न बघता ठरल्या दिवशी आलं. सिझेरियन झालं, मुलगा झाला, आणि नऊ दिवसांनी दुखऱ्या टाक्यांसकट वैशाली घरी आली. घरात तिची काळजी घ्यायला कोण? मी आणि आमची आठ वर्षांची ईशा.

वैशाली रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "असू दे हो. आकडाच तो."

मला कंपनीतून कोणी 'आकडाच तो' म्हटलं असतं तर मी राजीनामा दिला असता. इथे देता येत नव्हता.

घरी आल्यापासून तिचं जेवण दोन घासांवर आलं होतं. ताट सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घरी येऊन नऊ दिवस झाले, ती एकदाही हसली नव्हती. (मी मोजत होतो.) त्यात गरोदरपणी तिची शुगर वाढली होती, म्हणून हॉस्पिटलच्या डाएटिशियन बाईंनी बजावलं होतं, "गूळ, साखर, तूप, खोबरं, सगळं जपून." म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला जे जे म्हणून देतात, त्याची यादीच वाचून दाखवली!

नवव्या दिवशी संध्याकाळी भिंतीकडूनच आवाज आला, "आईच्या हातचा अळिवाचा लाडू असता ना, तर खाल्ला असता मी."

मी उभा राहिलो. "मी करतो."

"तुम्ही?"

"मी. आणि गूळ-तूप न घालता करतो."

ती भिंतीकडून वळून माझ्याकडे बघायला लागली. हसली नाही, पण वळली. मी ती प्रगती समजलो.

अबुधाबीत अळीव कुठे मिळतात ते मला ठाऊक नव्हतं. बिल्डिंगखालच्या बकालातला, म्हणजे किराणा दुकानातला, केरळी दुकानदार म्हणाला, "नो अळीव, सार. ओट्स है, कॉर्नफ्लेक्स है." वैशालीच्या डब्यात तळाशी चमचाभर अळीव होते, ते पुडीत बांधून मी जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मसालेवाल्याने पुडी उघडली, एक दाणा चावला आणि म्हणाला, "रशाद! मदाम बेबी?"

"बेबी," मी म्हटलं. अळिवाला अरबीत रशाद म्हणतात हे तिथे कळलं.

"मबरूक! वन किलो."

"हाफ वाटी," मी म्हटलं आणि हाताने वाटी दाखवली.

"हबीबी, वन किलो. गुड फॉर मदाम." आणि त्याने किलोभर बांधूनसुद्धा टाकले. आठ दिरहॅम, म्हणजे साधारण पंच्याहत्तर रुपये. नाशिकच्या मानाने महाग नव्हते, म्हणून मी वाद घातला नाही. वाद घातला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

मग सासूबाईंना फोन. परदेशी फोन महाग, त्यामुळे त्या नेहमी पोहायला उडी मारल्यासारख्या एका दमात बोलत. "मिलिंदराव, लिहून घ्या. अर्धी वाटी अळीव, दोन नारळ, दीड वाटी गूळ, दोन चमचे तूप. वीस लाडू होतात. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे दोन तास, मग सगळं एकत्र करून शिजवायचं आणि वळायचं. आणि हो, अळीव फुगतात बरं का!"

"त्याची तरतूद केलेली आहे," मी म्हटलं.

"काय केलंय?"

"तरतूद!"

फोन कटला.

तरतूद खरोखरच केली होती. त्या रात्री मी चारपानी गणित केलं. ते असं. बाळंतिणीला सव्वा महिना रोज एक, म्हणजे चाळीस लाडू. सासूबाईंचं प्रमाण दुप्पट करायचं: अळीव एक वाटी, नारळ चार, गूळ तीन वाट्या. आता यात आरोग्य आणायचं. गूळ शून्य. तूप शून्य. नारळ चारऐवजी एक. पण एवढ्या वस्तू काढल्यावर लाडवांत साडेसहा वाट्यांची पोकळी पडते. ती पोकळी कशाने भरायची? ज्यात साखर नाही, चरबी जवळजवळ नाही आणि जे बाळंतिणीला उत्तम, त्याने. म्हणजे अळिवाने! मूळची एक वाटी आणि ही साडेसहा, एकूण साडेसात वाट्या भिजलेले अळीव.

आता फुगवटा. बांधकामात वाळू ओली झाली की तिचं आकारमान वाढतं, हे कुठल्याही एस्टिमेटरला माहीत असतं. आम्ही त्यासाठी पंचवीस टक्के धरतो. अळिवालाही मी पंचवीस टक्के धरले. साडेसात भागिले सव्वा, बरोबर सहा. सहा वाट्या कोरडे अळीव. वजन करून पाहिलं तर जवळजवळ एक किलो! म्हाताऱ्याने बांधलेला पुडा आणि माझं गणित इतकं तंतोतंत जुळलं की मला त्या म्हाताऱ्याबद्दल आदर वाटला.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी आठ वाजता मी सगळ्यात मोठ्या कुकरमध्ये एक किलो अळीव घातले. त्यावर एका नारळाचं पाणी आणि साधं पाणी दोन बोटं वर येईल इतकं ओतलं, झाकण ठेवलं, चहा केला.

साडेआठला बघतो तर पाणी गायब. अळीव घट्ट, वरचे दाणे कोरडेच. काँक्रीट पाणी ओढायला लागलं की आम्ही वरून पाणी मारतो. मी पाणी मारलं. पावणेनऊला परत गायब. परत मारलं. नऊला परत. एखादी गोष्ट पाणी मागते आहे याचा अर्थ तिला पाण्याची गरज आहे, असा माझा समज.

सव्वानऊला ईशा स्वयंपाकघरातून आली. "बाबा, द लिड इज गोइंग अप."

"झाकणाला हात लावू नकोस."

"आय डिडन्ट टच इट. इट्स गोइंग अप बाय इटसेल्फ!"

मी धावलो. झाकण खरोखरच वर आलं होतं, आणि खालून तपकिरी, चकचकीत, बुळबुळीत असं काहीतरी कुकरच्या काठावरून ओट्यावर उतरत होतं. अगदी सावकाश. घाई नव्हती त्याला. जणू पत्ता माहीत होता.

मी अर्धे अळीव मोठ्या पातेल्यात काढले. पातेलं भरलं. डाळीच्या भांड्यात काढले. भरलं. इडलीचं भांडं, दुधाचं भांडं, परात. घरातली भांडी संपली तरी कुकर भरलेलाच! शेवटी डोळ्यांसमोर बाळाचा निळा, नवाकोरा, अंघोळीचा टब आला. गरम पाण्याने दोनदा धुतला (हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे याबद्दल नातेवाइकांत गैरसमज पसरले) आणि त्यात सगळं एकत्र ओतलं.

"ईशा, आईला काही सांगायचं नाही. ती झोपली आहे."

"ओके, बाबा."

आठ वर्षांच्या मुलीचं ओके म्हणजे दीड मिनिट. आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "आई! बाबा हॅज पुट फ्रॉग एग्ज इन बेबीज बाथटब!"

"काय घातलंय?" वैशाली.

"काही नाही!" मी स्वयंपाकघरातून ओरडलो. "सगळं हिशोबात आहे!"

हिशोबात काहीच नव्हतं. तरी मी शिजवायला घेतलं. पहिला घाणा कढईत टाकला, एका नारळाचा चव टाकला, आणि घाटायला लागलो. वीस मिनिटं घाटलं. मिश्रण कढईत गोल गोल फिरत होतं, पण आळत नव्हतं. सासूबाईंच्या लाडवात गूळ नुसता गोडीसाठी नसतो, तो धरून ठेवायला असतो, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. म्हणजे मी इमारतीतून सिमेंट काढलं होतं आणि वर विचारत होतो की भिंत उभी का राहत नाही!

मग सिमेंट शोधणं आलं. घरात दोन किलो खजूर होता. खजूर म्हणजे फळ, आणि फळ म्हणजे आरोग्य! वाटून घातला. तरी सैल. बकालावाल्याला फोन केला, तो तीन डबे ओट्स घेऊन वर आला. "सार, आय टोल्ड, ओट्स है," तो म्हणाला. घातले. आता ते इतकं घट्ट झालं की डाव त्यात उभा राहिला. मी सोडला तरी उभाच! चिकट तर असं की एक लाडू वळला तो तळहाताला, आणि तळहात दुसऱ्या तळहाताला. नमस्काराच्या मुद्रेत मी दोन मिनिटं स्वयंपाकघरात उभा होतो.

खात्री करून घ्यावी म्हणून डाएटिशियन बाईंना फोन लावला. (रिसीव्हर ईशाने कानाला धरला.)

"मॅडम, हेल्दी लाडू बनाया. शुगर झीरो, घी झीरो."

"व्हेरी गुड, मिस्टर मिलिंद! मीठा किससे किया?"

"डेट्स. ओन्ली टू किलो."

पलीकडून अगदी सौम्य आवाजात, "मिस्टर मिलिंद, डेट्स इज शुगर."

फोन ठेवल्यावर टबाकडे पाहिलं. अजून निम्मे अळीव कोरेच शिल्लक होते, आणि फुगत होते. आता जागाही नव्हती, धीरही नव्हता. मी एक निर्णय घेतला. शांत डोक्याने घेतलेला नव्हता, पण निर्णय होता. मोठं पातेलं भरून अळीव उचलले आणि सिंकमध्ये ओतले. वरून उकळतं पाणी सोडलं.

जे अळीव तीन तास थंड पाण्यात इतके खूश होते, ते गरम पाण्यात काय खूश झाले असतील याची कल्पना करा. पाइपात पंचवीस टक्के फुगवट्याची जागा असेल. ते तेवढ्यावर थांबणारे नव्हते.

बारा मिनिटांनी दाराची बेल वाजली.

दारात समोरच्या फ्लॅटमधली उम्म सालेम उभी. काळा अबाया, उंची माझ्या खांद्याइतकी, पण दरारा पोलीस चौकीइतका. मुलाकडे राहायची. मूळची खोर फक्कानची. वडिलांची गलबतं एकेकाळी खजूर घेऊन मुंबईला जायची, त्यामुळे तिला कामचलाऊ हिंदी यायचं. हे सगळं मला नंतर कळलं. आठ वर्षं आम्ही एका मजल्यावर राहत होतो आणि लिफ्टमध्ये 'सलाम' याखेरीज एक शब्द बोललो नव्हतो. शुक्रवारचं तिच्याकडचं मोठं जेवण होतं, पाहुणे यायचे होते, आणि तिच्या सिंकमधून माझे अळीव वर आले होते. पुरावा म्हणून तिने ते काचेच्या पेल्यात भरून आणले होते.

"ये क्या है?" तिने पेला माझ्या नाकापुढे धरला.

मी चिकट हात मागे लपवले. "सॉरी. सॉरी. प्लंबर बुलाता हूँ."

"ये क्या है, बोलो!"

मी काही बोलणार तेवढ्यात तिने पेल्यात बोट बुडवलं, चाखलं, आणि तिचा चेहरा बदलला. "रशाद?" मग माझ्या मागे, आतून येणारा बाळाचा रडण्याचा आवाज. "बेबी आया?"

"जी. उन्नीस दिन."

"उन्नीस दिन! और मुझे नहीं बोला?" आता ती खरंच रागावली. सिंकपेक्षा जास्त. "हटो!"

मी हटलो. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तिने टब पाहिला. कढई पाहिली. उभा डाव पाहिला. ओट्यावरून अजूनही सावकाश उतरणारे अळीव पाहिले. माझे हात पाहिले. आणि ती बाई, जिला मी आठ वर्षं घाबरत होतो, खुर्चीवर बसून हसायला लागली. अबायाच्या टोकाने डोळे पुसायची, टबाकडे बघायची, परत हसायची. "कितना डाला?"

"एक किलो."

"एक किलो! हम इतना डालता है," तिने अंगठ्याच्या टोकावर बोट ठेवून दाखवलं. "एक चमचा! मदाम का माँ किधर है?"

मी पासपोर्ट नंबरची हकीकत सांगितली. तिने ऐकली. "नंबर कौन लिखा?"

"मैं."

"तुम्हारा काम क्या है?"

"...नंबर लिखने का."

"या अल्लाह," असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली, आणि मी दारातच थबकलो. पुढचं मला अर्धवट दिसलं, अर्धवट ऐकू आलं. तिने वैशालीच्या कपाळावर हात ठेवला. बाळाला उचललं, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मग माझ्या स्वयंपाकघराचं वर्णन सुरू झालं, हिंदी आणि अरबी मिसळून, आणि हातवारे करून. डाव कसा उभा आहे. रफीक (म्हणजे मी) कसा उभा आहे. हात कसे...

आणि वैशालीचं हसू ऐकू आलं.

आधी थोडं, मग जोरात. "अगं बाई... आई गं... टाके! हसवू नका हो, टाके दुखतात!" पण थांबेना. हसता हसता ती रडायला लागली आणि उम्म सालेमने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होतो. हात चिकट असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. ईशाने पुसले. "बाबा, आर यू क्रायिंग?"

"अळीव गेले डोळ्यांत," मी म्हटलं.

यानंतर स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडून गेला, तो योग्यच. उम्म सालेमने मुलाला फोन करून पाहुण्यांना जेवण वाढायला सांगितलं. मग टबातल्या कोऱ्या अळिवांमधून एक वाटी, फक्त एक वाटी, काढून घेतली. माझ्या ओट्सकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आजवर विसरलो नाही. उभं राहवत नव्हतं तरी वैशाली खुर्चीवर बसून सांगत होती, "आई नारळ असा घालते," आणि उम्म सालेम म्हणत होती, "हमारा खोर फक्कान में अंडा डालता है, तुम नहीं खाता, माफी मुश्किल." (माफी मुश्किल म्हणजे 'काही हरकत नाही'.) नारळ, थोडा गूळ, चमचाभर साजूक तूप, वेलदोडा. घरभर असा वास सुटला की बाळसुद्धा गप्प झालं.

"पण शुगर?" मी दारातून काळजीने विचारलं. "डॉक्टर कम बोला है. गूळ मत डालो. लड्डू में शुगर..."

उम्म सालेमने एक लाडू वळला. सुपारीपेक्षा जरासा मोठा. माझ्यापुढे धरला.

"छोटा बनाओ," ती म्हणाली. "खलास."

चारपानी गणितात हा पर्याय कुठेच नव्हता. गूळ कमी, तूप कमी, नारळ कमी, ओट्स, खजूर, फुगवटा, सगळं होतं. लाडू लहान करावा हे मला, एका इंजिनिअरिंगच्या पदवीधराला, सुचलं नव्हतं! संध्याकाळी डाएटिशियन बाईंना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, "खाने के बाद एक, इतना सा? चलेगा. ये किसने बताया?" मी म्हटलं, "कन्सल्टंट."

वैशालीने तो लाडू खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. मग भात मागितला. मग वरण. दहा दिवसांत पहिल्यांदा ताट रिकामं झालं. मी ते ताट धुवायला घेतलं, पण सिंक अजून तुंबलेलं होतं.

प्लंबर आला तो मुलतानचा. तासभर पाइपात तार घालून त्याने जे काही बाहेर काढलं ते बादलीत घेऊन माझ्याकडे आला. "साहब, आप कंस्ट्रक्शन में हो ना? घर में वॉटरप्रूफिंग का माल धोया?"

"लड्डू है," मी म्हटलं.

त्याने बादलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मजुरी न वाढवता गेला. दया आली असावी.

त्या दिवसापासून आमच्या घराचं दार आणि उम्म सालेमचं दार, दोन्ही दिवसा उघडी असायची. सकाळी ती धुपाटण्यात लोबान घेऊन यायची आणि बाळाच्या खोलीत फिरवायची. पहिल्या दिवशी धूर पाहून मी खिडकी उघडायला धावलो, तर वैशाली म्हणाली, "राहू द्या हो. आईसुद्धा बाळाला अशीच धुरी देते. ती ओव्याची देते, एवढाच फरक." उम्म सालेम वैशालीच्या केसांना तेल लावायची. बाळाला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायची (टब घासून परत मिळाला होता). माझ्या एका चुकीच्या आकड्यामुळे या घरातून एक आई वजा झाली होती. ती जागा भरायला समोरच्या दारातून कुणी येईल असं मी कुठल्याही अंदाजपत्रकात धरलं नसतं. आणि आलं ते कशामुळे, तर माझ्या मूर्खपणाने तिचं सिंक तुंबलं म्हणून! आठ वर्षांत एकदा तरी लिफ्टमध्ये सलामापुढे दोन शब्द बोललो असतो तर, असं आजही वाटतं. त्या बाईचं ऋण माझ्याच्याने फिटणार नाही, आणि फेडायची मला इच्छाही नाही. काही माणसांच्या ऋणात राहायला बरं वाटतं.

राहता राहिला प्रश्न माझ्या मिश्रणाचा.

टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. त्या शनिवारी ईशाच्या मदतीने मी त्याचे लाडू वळले. हातांना तेल लावून. एकशे शहाऐंशी झाले. फ्रीजरचे तीनही कप्पे भरले. वैशालीला ते द्यायचे नव्हते. खजुरामुळे डाएटिशियन बाईंची मनाई, आणि चवीमुळे वैशालीची. ईशा म्हणाली, "नो थँक यू, बाबा," आणि तिच्या शाळेच्या डब्यातही घालू दिला नाही. ऑफिसात डबा नेला. आमच्या इजिप्शियन साइट इंजिनिअरने एक हातात घेतला, दाबून पाहिला आणि अगदी व्यावसायिक कुतूहलाने विचारलं, "मिलिंद, हे कुठल्या कंपनीचं सँपल? जॉइंट भरायला आहे?" केरळी बकालावाल्याने दोन घेतले आणि दुसऱ्या दिवशी एक परत केला.

तेव्हा उरलेले कुणी खायचे? मी. सकाळी दोन, ऑफिसात दोन, संध्याकाळी चहाबरोबर एक. आरोग्यदायी असल्यामुळे मला काही खंत वाटत नव्हती. शून्य साखर (खजूर सोडून), शून्य तूप! हेल्दी पदार्थ कितीही खाल्ला तरी चालतो अशी माझी तेव्हा श्रद्धा होती. शिवाय वैशाली जेवत होती, हसत होती, बाळ झोपत होतं, आणि माणूस निश्चिंत असला की त्याला भूक लागते. सहा आठवड्यांत मी शेवटचा लाडू संपवला आणि फ्रीजर पुसून ठेवला.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा व्हिजा आला. (हा फॉर्म वैशालीने भरला होता.)

विमानतळावर आम्ही सगळे गेलो. उम्म सालेमही हट्टाने आली, म्हणाली, "मुझे भी उसका माँ देखना है." सासूबाई बाहेर आल्या, ट्रॉली तिथेच सोडून लेकीकडे धावल्या. तिला जवळ घेतलं, लांब धरून पाहिलं, परत जवळ घेतलं. "किती छान दिसतेयस गं! मला वाटलं होतं वाळून काटकी झाली असशील." मग नातवाला घेतलं, त्याच्या गालांना हात लावला. उम्म सालेमचे दोन्ही हात धरून त्या नुसत्या बघत राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी एकदमच बोलत होत्या.

मग मी पुढे झालो. वही बरोबर आणली होती. "आई, बाळाचं वजन दोन किलो वाढलंय. रोजची नोंद आहे. वैशालीची शुगर नॉर्मल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वरून खाली, खालून वर. मधल्या भागाशी नजर जरा जास्त वेळ थांबली.

"आणि तुमचं, मिलिंदराव?"

मी आकड्यांच्या बाबतीत खोटं बोलत नाही. "...साडेआठ," मी म्हटलं.

"अगं वैशू," सासूबाई लेकीला म्हणाल्या, "बाळंतपण तुझं, बाळ तुझं, आणि बाळसं जावईबापूंनी धरलं की गं!"

वैशालीने उम्म सालेमला त्याचं हिंदी करून सांगितलं. मग तिघी मिळून हसल्या, तेवढ्यात ईशाही त्यांच्यात सामील झाली. मी शरमेने मान खाली घातली. पाय दिसले नाहीत.